म्तानीवर रागवायचं नसतं

पांगानीला यायचं असेल तर सप्टेंबरात या. मोठा पाऊस कधीच सरलेला असतो, दक्षिणेचा वारा दमलेला असतो आणि समुद्र पोरं झोपल्यावरच्या घरासारखा गप्प असतो. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. बसथांब्यावरून धक्क्याकडे जाणारा रस्ता माझ्या ओट्याला घासून जातो आणि ओट्यावर माझं शिवणयंत्र आहे. त्यामुळे बसमधून उतरलेला प्रत्येक पाहुणा पाठीवरची पिशवी सावरत मलाच गाठतो. ‘फुंडी, इथे बघण्यासारखं काय आहे?’ हाताने काम करणाऱ्या कुणालाही आमच्याकडे फुंडी म्हणतात, मग तो गवंडी असो की माझ्यासारखा शिंपी.

मी सांगतो, बघण्यासारखं काही नाही, म्हणून तर यायचं. ओहोटीची वेळ विचारून सकाळी होडीने वाळूच्या बेटावर जा. तिथे औषधालासुद्धा झाड नाही, तेव्हा डोक्यावर काहीतरी घ्या आणि भरतीच्या आत परत फिरा, कारण भरती आली की बेटच उरत नाही. ऊन उतरल्यावर नदीतून वरच्या अंगाला जा, दोन्ही काठांचे माड बघा, पाण्यात हात घालू नका, मगरी आहेत. नारळाच्या दुधातला ऑक्टोपस खा. झोपा. ‘आणि दुसऱ्या दिवशी?’ असं विचारणाऱ्याला मी टांगाला जाणारी बस कुठून सुटते ते दाखवतो. अशा माणसाने विश्रांतीच्या भानगडीत पडू नये.

राहायचं कुठे, याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. बी सिवाझुरीकडे. आता कुणी विचारलं तर मी दोरा दातात धरतो आणि सुई ओवायचं निमित्त करतो.

बी म्हणजे बाई, आणि सिवाझुरी म्हणजे ‘मी काही सुंदर नाही’. दृष्ट लागू नये म्हणून आईने ठेवलेलं नाव. मी तिच्याबरोबर शाळेत होतो, पण त्या वयात मला फुटबॉलपलीकडे काही दिसत नव्हतं, म्हणून नाव खरं की खोटं ते मी सांगू शकत नाही. तिचा नवरा मोंबासाला गलबतावर गेला तो गेलाच. तिथे त्याला दुसरं घर आहे, दुसरी बायको आहे आणि म्हणे पोटही सुटलंय. ही रडत बसली नाही. नदीकाठचं बापाचं घर तिने झाडून काढलं, खोल्यांना चुना फासला, पलंग करून घेतले आणि पाहुणे ठेवायला लागली. तोंडाने फटकळ. कुणी पाहुणा म्हणाला, मीठ कमी पडलंय, की ही म्हणणार, ‘समुद्र समोरच आहे, जा, घेऊन ये.’ लोक दुखावण्याऐवजी हसायचे आणि पुन्हा यायचे. घरी मायेने बोलणारं कुणी नसलं की माणसाला मायेने टाकून बोललेलंही चालतं, असं मला वाटतं.

तिचे खरे पाहुणे मात्र नैरोबीच्या चौघी. न्योकाबी आणि तिच्या तीन मैत्रिणी, सगळ्या एका वर्गात शिकलेल्या नर्सा. दर सप्टेंबरात नवरे, पोरं, इस्पितळं सगळं टाकून यायच्या. यायच्या आणि काही करायच्या नाहीत. परसात चटईवर लोळायच्या, खवणीवर बसून नारळ खवायचा हट्ट करायच्या आणि निम्मा नारळ तोंडात टाकायच्या. दुपारी सिवाझुरी एकेकीच्या डोक्यात तेल जिरवायची आणि तिच्या नवऱ्याला शिव्या द्यायची. न पाहिलेल्या नवऱ्याला इतक्या नेमक्या शिव्या देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. चौघी तिला मावशी म्हणायच्या. परत गेल्या की ओळखीपाळखीत सांगत सुटायच्या, पांगानीला जा, मावशीकडे उतरा, दुसरीकडे कुठे पाऊल टाकू नका. बाकी वर्षभर जे पाहुणे यायचे ते बहुतेक यांच्या शब्दावर यायचे. ते घर सिवाझुरीने बांधलं नव्हतं आणि चालवत होत्या त्या चौघी, असंही म्हणता येईल.

आता मिहायो. हा माणूस न्यामवेझी जमातीचा. याचा आजा ताबोराकडून हस्तिदंताची ओझी डोक्यावर घेऊन चालत आला आणि इथेच राहिला. सिवाझुरी झिगुआ. झिगुआ आणि न्यामवेझी यांच्यात वाडवडिलांपासून थट्टेचं नातं आहे. एक दुसऱ्याचा म्तानी. म्तानीने म्तानीला वाटेल ते बोलावं, त्याच्या चुलीवरचं वाटेल ते उचलून खावं, त्याच्या मयतात नाचावं. नियम एवढाच, की रागवायचं नाही. जो रागावला त्याने एक कोंबडी द्यायची आणि वर सगळ्या गावाचं हसू झेलायचं.

मिहायोची इंजिनाची होडी होती. सिवाझुरीच्या पाहुण्यांना वाळूच्या बेटावर तोच न्यायचा. सकाळी परसातून आत शिरता शिरता त्याचं सुरू व्हायचं.

‘ए सुंदरी, काय शिजवतेस? धक्क्यापर्यंत वास आला. कोण मेलं?’

‘तुझा आजा. ओझी वाहून मेला, आणि जाताना तुला आमच्या डोक्यावर ठेवून गेला.’

‘माझा आजा ताबोराहून चालत आला तो तुझ्या आजीचं रूप ऐकून. बघितल्यावर उलट्या पावली निघाला होता बिचारा, पण पाय सुजले होते.’

‘पायच कशाला, तुमच्या घराण्याचं डोकंसुद्धा सुजलेलंच आहे. ठेव तो मासा! पाहुण्यांचा आहे!’

मासा तोवर त्याच्या तोंडात गेलेला असायचा. न्योकाबी पहिल्या वर्षी हे ऐकून धावत मध्ये पडली होती, ‘काका, काका, जाऊ द्या, वयस्कर बाई आहे,’ म्हणून. नैरोबीकडे, त्यांच्या डोंगराळ मुलखात ही रीत नाही. दोघं तिच्याकडे बघून इतके हसले की शेवटी तीही हसली. मागच्या खोलीतून म्हातारी, म्हणजे सिवाझुरीची आई, ओरडायची, ‘मिहायो, तिला सोड, माझ्याशी लग्न कर!’ आणि हा दारात जाऊन म्हणायचा, ‘दात येऊ देत आधी, मग बघू.’

अशी वर्षं गेली. मग म्हातारीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सिवाझुरी तिला उचलायची, धुवायची, भरवायची, आणि पुढल्या दारी पाहुण्यांना हसून कॉफी द्यायची. एका शब्दाने कुणाजवळ तक्रार नाही. मी शेजारी, मीसुद्धा विचारलं तर म्हणायची, ‘छान आहे आई. काल माझ्या हाताला चावली.’

ती बोलली ती फक्त मिहायोजवळ. हे मला तिनेच पुढे सांगितलं. मासळी घ्यायला धक्क्यावर गेली होती, हा होडीतलं पाणी उपसत होता. तिला एकदम भरून आलं आणि ती म्हणाली, ‘मिहायो, कधी कधी मनात येतं, देवाने आता तिला न्यावं. माझ्या सख्ख्या आईबद्दल येतं रे हे मनात.’ तो उपसणं न थांबवता म्हणाला, ‘देव नेणार नाही. तुझ्या हातचं जेवलेलं माणूस वर नेलं तर त्याला तिथे सगळं धुऊन काढावं लागेल.’ ती डोळे पुसत हसली. घरी आली तेव्हा हलकी झाली होती. म्तानी असतो तो यासाठी. भावाला सांगितलं तर तो उपदेश करतो, शेजाऱ्याला सांगितलं तर तो गावभर करतो. म्तानी त्याचं हसू करतो आणि ते ओझं तिथल्या तिथे संपतं. निदान आमची तशी समजूत होती.

त्या साली पावसाळा सरल्यावर मिहायोने नदीपलीकडे, ब्वेनीच्या पुढे किनाऱ्यावर झापांच्या झोपड्या बांधायला घेतल्या. पाहुण्यांसाठी. पोरं मोठी झाली होती, होडीचं इंजिन खोकायला लागलं होतं, माणसाने काहीतरी करायला हवंच. आम्हाला त्यात वावगं दिसलं नाही. सिवाझुरीने तर पलंगावरच्या जुन्या गाद्या त्याला दिल्या आणि वर ऐकवलं, ‘घे, ढेकूणही आमच्याच घरचे आहेत, चांगलं वळण लागलेले.’

एके सकाळी ती माझ्या ओट्यावर बसली होती. चौघींसाठी नव्या मच्छरदाण्या शिवायला टाकल्या होत्या, कापड दाखवून मला दटावत होती की शिवण बारीक घाल, मागच्या वेळी डास दार समजून आत आले. तेवढ्यात मिहायो आला, माझ्या यंत्रावर कोपर टेकून उभा राहिला.

‘फुंडी, कशाला डोळे फोडून घेतोस? यंदा नैरोबीच्या पोरी हिच्याकडे नाही उतरणार. माझ्याकडे येतायत.’

‘त्या खुराड्यात?’ सिवाझुरी म्हणाली.

‘खुराडं असलं तरी नवं आहे. फोन करून सांगितलं मी त्यांना. म्हटलं, म्हातारी मरायला टेकलीय, हिला तुम्ही नको झालात, पण भिडेपोटी बोलत नाही. तुम्हीच समजून घ्या आणि माझ्याकडे या.’

‘मग? काय म्हणाल्या माझ्या पोरी?’

‘एक रडली.’

सिवाझुरी हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. ‘रडणारच! तुझा आवाज ऐकून माझी शेळीसुद्धा रडते!’ मीही हसलो, पलीकडचा कॉफीवालाही हसला, आणि मिहायो सगळ्यांत मोठ्याने हसला. जाता जाता माझी खडूची वडी खिशात टाकून गेला.

तो अक्षर अन् अक्षर खरं बोलत होता. आमच्या तोंडावर, भर उजेडात. आणि आमच्यातल्या एकालाही ते कळलं नाही, कारण म्तानीचं बोलणं खरं धरायचं नसतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो.

सप्टेंबर आला. सिवाझुरीने चुना दिला, चटया धुतल्या, लवंगा, वेलदोडे भरून ठेवले. मग न्योकाबीचा निरोप आला फोनवर. ‘मावशी, यंदा तुम्हाला त्रास देत नाही. देव तुम्हाला बळ देवो.’ ती माझ्याकडे वाचून घ्यायला आली, कारण तिच्या चष्म्याची काडी मोडली होती. दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, ‘रजा मिळाली नसेल. इस्पितळवाले रक्त पितात पोरींचं.’ आणि मच्छरदाण्या घडी घालून पेटीत ठेवल्या. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त बडबडली. वाईट वाटलं की तिचं तसंच होतं.

त्याच आठवड्यात म्हातारीच्या मालिशसाठी तेल हवं म्हणून ती फेरीबोटीने नदीपलीकडे गेली. ब्वेनीचा वैद्य घरी नव्हता, किनाऱ्याच्या वस्तीत गेला म्हणाले, म्हणून ही वाळूतून चालत पुढे गेली. मिहायोच्या झोपड्यांसमोर दोरीवर धुणं वाळत होतं. त्यात अंगाभोवती गुंडाळायची एक पिवळी कांगा होती. आधल्या वर्षी तिनेच न्योकाबीला नेसवून पाठवलेली. झाडाखाली चौघी जेवायला बसल्या होत्या.

आता तिच्या जागी दुसरी कुणी असती तर परत फिरली असती. ही उभी राहिली. न्योकाबीने बघितलं, हातातला घास टाकून धावत आली, गळ्यातच पडली.

‘मावशी! एवढ्या लांब कशाला आलात? म्हातारीजवळ कोण आहे?’

‘शेजारीण आहे.’

‘आम्ही येणार होतो हो भेटायला. पण मिहायोकाका म्हणाले, नका जाऊ, तिला अवघडल्यासारखं होईल. तुमच्यासाठी चादरी आणल्यात, खाली रबर लावलेल्या. आजाऱ्याला बऱ्या पडतात.’

न्योकाबीने सिवाझुरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि आवाज खाली आणला. मुलगी मनाची चांगली, यात मला आजही शंका नाही.

‘मावशी, मी नर्स आहे. रोज बघते. सेवा करणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी मनात म्हणतोच, देवा, आता ने हिला. त्यात पाप नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.’

सिवाझुरी मला म्हणाली, ‘फुंडी, भर बाजारात कुणी अंगावरची कांगा ओढून घ्यावी तसं झालं मला. आणि ओढणाऱ्या हातांत नुसती माया होती. तिला काय बोलणार? खोटं आहे म्हणू? आई अंथरुणाला खिळून होतीच. मी तसं बोललेही होते.’ बाकीच्या तिघी मान खाली घालून बसल्या होत्या, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी तिला आग्रहाने बसवलं, ताट दिलं. तिने घास घेतला आणि एवढंच म्हणाली, ‘भात कच्चा राहिलाय.’ मग चादरी घेऊन निघाली. तेल राहिलंच.

अलीकडच्या धक्क्यावर मिहायो होडी बांधत होता. फेरीसाठी माणसं जमली होती, मीही शिवलेले कपडे पोचवायला तिथेच होतो. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘मी तुला सांगितलेलं तू त्यांना सांगितलंस.’

‘कुठलं? तू दिवसभर बोलतेस. मी काय काय ध्यानात ठेवू?’ चारदोन जण हसले.

‘माझ्या आईबद्दलचं.’

त्याचा हात दोरावर थांबला. मी त्याचा चेहरा पाहिला, त्याला लाज वाटली होती. तेवढ्यावर तो थांबला असता, ‘चुकलो’ म्हणाला असता, तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो नसतो. पण आजूबाजूला माणसं होती आणि हसवायची सवय माणसाला सुटत नाही.

‘मग तुझ्या तोंडावर नाही सांगितलं? या फुंडीच्या ओट्यावर? पोरी नेतो म्हटलं, काय सांगितलं तेही म्हटलं. तू हसलीस की! शेळीचं काय म्हणालीस?’

‘ती थट्टा होती.’

‘मग हीही थट्टाच.’

‘चोर आहेस तू,’ ती म्हणाली. ‘पाहुणे नेलेस, नेऊ दे. मागितले असतेस तर मीच होडीत बसवून पाठवले असते. ते बोलणं माझं होतं.’

मग कोपऱ्यातला एक म्हातारा आनंदाने ओरडला, ‘अरे, बी सिवाझुरी म्तानीवर रागावली!’ झालं. ‘कोंबडी! कोंबडी!’ टाळ्या सुरू झाल्या. लोकांचा दोष नाही, त्यांना वाटलं खेळ रंगलाय. मी पुढे होऊन म्हणालो, ‘थांबा रे, ही थट्टा नव्हे.’ तर मलाच म्हणाले, ‘फुंडी, तू झिगुआच ना? तुझीही एक कोंबडी!’ सिवाझुरीने सगळ्यांकडे बघितलं, मग घराकडे गेली आणि अंडी देणारी तांबडी कोंबडी पाय बांधून घेऊन आली. मिहायोच्या हातात दिली. तिचे डोळे कोरडे होते. त्याने कोंबडी घेतली, दोन उड्या मारून दाखवल्या, लोक हसले. मला त्या दिवशी कुणाचं तरी टाळकं फोडावंसं वाटत होतं, आणि हातात होते इस्त्री केलेले शाळेचे गणवेश.

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. उघड वैरी असता तर तिने त्याला धक्क्यावरून नदीत ढकललं असतं आणि गाव तिच्या बाजूने उभं राहिलं असतं. पण म्तानीबद्दल तक्रार कुठे करायची? ज्या नात्यात मनातलं ठेवायला जागा होती, त्या नात्यानेच तिचं तोंड बांधून टाकलं. हसलं तर त्याचं खरं, रागावलं तरी त्याचंच खरं. दुसऱ्या दिवशी मिहायोने रीतीप्रमाणे शिजलेली अर्धी कोंबडी तिच्याकडे पाठवली. तिने भांडं घेतलं, आभार मानले, आणि कोंबडी भिंतीवरच्या मांजरांना घातली.

चौघी परत गेल्या आणि नेहमीसारख्या ओळखीपाळखीत सांगायला लागल्या. पांगानीला जा, पण मावशीचं घर आता बंद आहे, बिचारीवर वेळ आलीय, तिला त्रास देऊ नका, पलीकडे मिहायोकाकांच्या झोपड्या आहेत. सगळं कळवळ्याने. डिसेंबरच्या सुट्टीत बसमधून उतरलेले लोक मला राहायचं कुठे विचारेनासे झाले. फेरी कुठे, एवढंच विचारायचे. सिवाझुरीच्या दारावर पाटी होती, खोल्या होत्या, चुलीवर ऑक्टोपस होता, आणि पाहुणे तिच्या दारावरून आवाज न करता जायचे. एक बाई तर ओठांवर बोट ठेवून पोरांना गप्प करत गेली. आत आजारी माणूस आहे ना! सिवाझुरी पायरीवर बसून हे बघत होती.

तिचं बोलणं आटलं. शिव्या गेल्या. माझी शिवण वाकडी गेली तरी ‘छान आहे’ म्हणायची, आणि मला ते ऐकवत नसे. गावातही काहीतरी बदललं. मिहायो मासळीवाल्याला म्हणाला, ‘तुझा तराजू लंगडा आहे रे.’ दर आठवड्याला म्हणायचा आणि तो हसायचा. या वेळी तो हसला नाही, त्याने तराजूकडे बघितलं. पुढे पुढे मिहायो काही बोलला की माणसं आधी थांबायची, आणि थांबून हसलेलं हसू कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मार्चमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हातारी गेली. झोपेत गेली, आणि त्या रबर लावलेल्या चादरीवर. सिवाझुरीने स्वतः तिला न्हाऊ घातलं. परसात बायका, पुढे अंगणात पुरुष, कोपऱ्यात भाताची पातेली चढलेली. इमाम आला, शाळेचे हेडमास्तर आले, त्यांना खुर्च्या दिल्या. आम्ही बाकीचे चटयांवर बसलो.

मयताला म्तानी येतोच. त्याचा तो हक्क आहे, आणि कामही. रडून घसा बसलेल्या घराला हसवायचं, मेलेल्या माणसाची नक्कल करायची, जनाजा अडवायचा, काहीतरी हातावर पडल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. मिहायो आला तो म्हातारीची निळी कांगा अंगाभोवती गुंडाळून. दोरीवरून ओढली असणार. उजवा पाय घासत, हात लुळा सोडून, म्हातारी अंथरुणातून उठली असती तर चालली असती तसा अंगणाच्या मध्ये आला. मला ठाऊक होतं तो का आलाय. क्षमा मागायला आला होता. त्याला दुसरी भाषा येत नव्हती.

‘ए सिवाझुरी!’ म्हातारीच्या पूर्वीच्या आवाजात तो ओरडला. ‘कुठे धाडतेस मला? अजून कॉफी दिली नाहीस! इतकी वर्षं तुझ्या हातचं गिळलं, ते पचवायला तरी वेळ दे!’

दोघंतिघं हसले. बायकांतूनही एक हसू फुटलं, ओलं, सुटकेचं. म्हातारी असती तर तीही हसली असती. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. आता तिची पाळी होती. तिने बाहेर येऊन त्याच्या आज्याचा उद्धार करायचा, त्याच्या अंगावर खरकटं पाणी टाकायचं, आणि गाडी पुन्हा रुळावर यायची. तेवढ्याने सगळं मिटलं असतं. मला वाटतं, गावाला तेच हवं होतं. खरं सांगतो, मलाही हवं होतं.

ती बाहेर आली. हेडमास्तरांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती ती तिने आपल्या कांगाच्या पदराने पुसली आणि सावलीत सरकवली.

‘या, बसा,’ ती म्हणाली. ‘पलीकडून एवढ्या उन्हात आलात. फार उपकार झाले.’

मिहायो हसला. ‘बघा रे, आई मेली तेव्हा कुठे हिला अक्कल आली!’

‘खरं आहे तुमचं.’

‘अगं, मी कांगा चोरलीय! तुझ्या आईची कांगा चोरलीय मी, बघ की!’

‘राहू द्या तुमच्याकडे. तिला आनंद होईल.’

अंगणात कुणी हसलं नाही. मिहायो तिच्या अगदी जवळ गेला. हलक्या आवाजात बोलला, पण मी चटईच्या कडेला होतो, मला ऐकू आलं.

‘सिवाझुरी, शिवी दे. एक दे. वाटेल ती दे.’

‘तुम्ही दमला असाल,’ ती म्हणाली. ‘उभे राहू नका.’

तो बसला. इमाम आणि हेडमास्तर यांच्यामध्ये, निळ्या कांगात, हात मांडीवर ठेवून. आम्ही जनाजा उचलला. तो कुणी अडवला नाही. फाटकातून बाहेर पडताना मी मागे वळून बघितलं, तर ती कॉफीचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभी होती, आणि परक्या माणसाला द्यावा तसा तो तिने दोन्ही हातांनी पुढे केला होता.